खंडेनवमीनंतरचं पिस्तूल

"टेबल आणला जेवायले, आन् भाकरीले वास येऊन राहिला बंदुकीचा," सासूबाई मेथीच्या जुडीला सांगत होत्या. माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. मेथीला सांगितलं की सून ऐकते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

टेबलावर जुना पेपर, पेपरवर नूपुरचं पिस्तूल. नूपुर माझी लेक, नेमबाज. रविवारी तिची निवड चाचणी, आणि दसऱ्यापासून हे पिस्तूल मधूनच अडत होतं. बार निघाला की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जायला हवी, ती आतच रुतून बसायची. एखाद्या वेळी पंच समजून घेतात, पुढं शून्य.

साफसफाई माझ्याकडे. शिकवलं कुणी नाही. आधी मिक्सर खोलला, मग शिलाई मशीन, मग हे. कंपनीचं माहितीपुस्तक वाचलं, व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिले, एवढंच माझं शिक्षण. गोळ्या आतल्या कपाटात कुलपात होत्या. गोळ्या भरायचं मॅगझिन काढून नूपुरनं आत काही नाही ना ते पाहिलं, मग मी पाहिलं, आणि तरीही करंगळीचं टोक घालून खात्री केली. गॅस बंद केल्यावरही मी दोनदा पाहते, हे तर पिस्तूल.

या बारक्या गोळीला वरून मेण चोळलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक बारागणिक मेण, काजळी आणि शिसं यांचा लगदा आत साचत जातो. नळीतून चिंधी फिरवली, ती नेहमीसारखीच करडी निघाली. मग ती आकडी. पुंगळीची कड धरून तिला बाहेर ओढते ती, नखाएवढीही नसेल. तिच्या खाचेत दातकोरणं घातलं, तर टोक लाल.

"गंज?" नूपुरचा चेहरा उतरला.

"गंज असा बोटाला पसरत नाही." मी चिमटीत चोळून पाहिलं. तेलात भिजलेलं, मेणात मळलेलं, लालभडक. मला राहवेना. आणखी खरवडून चिंधीवर पुसलं, तर तांदळाचा अर्धा कण निघाला.

मग दोघींना एकदमच कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळी, माझी कात्री, यांचे पाने-पेचकस आणि नूपुरचं पिस्तूल, सगळं पूजेला मांडतात. पिस्तूल रिकामं आहे हे दिसावं म्हणून ती त्याची वरची खिडकी उघडी ठेवते. दरवर्षी सासूबाई मुठीवर मोहरीएवढं कुंकू टेकवतात. यंदा ते त्या उघड्या खिडकीत पडलं होतं, वरून अक्षता.

नूपुरनं माझ्याकडे पाहिलं, मी मेथीकडे. सासूबाईंच्या पातेल्यात काड्या होत्या आणि पानं पेपरवर. मी गुपचूप अदलाबदल केली. बरेच महिने आमचं असंच चाललं होतं. कपाचा कान त्यांच्या बोटांकडे वळवून ठेवायचा, साडीचा रंग त्यांनी विचारायच्या आत बोलून टाकायचा. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की त्या गावाकडं पारशिवनीला राहायला जायची धमकी देत, म्हणून ते नाव कुणी काढत नव्हतं.

"काय सापडलं वं?"

"काही नाही आई, रेंजवरची धूळ."

"कायच्या रंगाची?"

"धुळीच्याच रंगाची, आजी."

"आण इकडं."

मी द्यायच्या आत त्यांच्या हाताला चिंधी लागली होती. त्यांनी ती पाहिलीच नाही. नाकाशी नेली.

"आपल्या डबीतलं कुंकू हाय हे. कापूर मीच ठेवतो तिच्यात." मग जरा थांबून, "मुठीवर लावलं होतं मी तं."

आम्ही दोघी अचानक फार कामात. मी ब्रशनं खाच कोरून काढली, पुसली, वरची स्लाइड मागंपुढं सरकते त्या पट्टीवर तेलाचा एकच थेंब लावला. जास्त तेल दिलं की तेच घाण धरतं. नूपुरनं मॅगझिनमध्ये सरावाची खोटी काडतुसं भरली, पिवळ्या प्लास्टिकची, आणि हातानंच स्लाइड ओढत गेली. खट्. पहिलं उडालं. खट्. दुसरं. एकही अडलं नाही. तिचे खांदे खाली आले. दसऱ्यापासून ते वरच होते.

शेवटचं उडून सासूबाईंच्या पुढ्यात पडलं, न निवडलेल्या मेथीच्या हिरव्या पानांवर, पिवळंधमक.

"दे ना आजी तेवढं."

त्यांचा तळहात उजवीकडे गेला, डावीकडे गेला, पानं चाचपत राहिला. काडतूस अंगठ्याजवळच होतं. नूपुरनं नेहमीसारखं एक बोट पुढं केलं, हळूच ढकलून द्यायला.

"नको सरकवू," सासूबाई म्हणाल्या. हात होता तिथंच थांबला. "समदे सरकवून सरकवूनच देऊन राहिले मले. पोरीची गोळी अडकली तरी कोणी बोलेना." त्यांनी मान माझ्याकडे वळवली, थोडी चुकीच्या बाजूला.

"मले दिसून नाही राहिलं, वंदना."