साखरेच्या बरणीचं झाकण

बाबांच्या हातून साखरेच्या बरणीचं झाकण फुटलं आणि त्या दिवसापासून ते बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. मातीची ती बरणी आईने घडवलेली. आई गेल्यावर तिची भट्टी मुलीने चालवायला घेतली. बाबांनी मात्र तेव्हापासून भट्टीच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. आता तर त्यांनी तोंडालाही कुलूप लावलं. रिटायर झालेला गणिताचा मास्तर गप्प बसला की घर खायला उठतं.

मुलीने नवं झाकण करायचं ठरवलं. बरणीच्या तोंडाला एक्क्याऐंशी मिलिमीटरचं झाकण हवं होतं. माती वाळताना दहावा भाग आटते आणि भाजताना उरलेल्याचा पुन्हा दहावा, हे तिला पाठ होतं. तिने सरळ दोन दहावे भाग वाढवून झाकण केलं, भाजलं आणि मोठ्या तोऱ्यात बाबांसमोर बरणीवर ठेवलं. ते थेट साखरेत! हात चुकला असेल, म्हणून तिने पुन्हा केलं. पहिले पाढे पंचावन्न. झाकण बाहेर काढताना साखर तेवढी टेबलभर झाली.

“दोनदा दहावा आटतो म्हणून दोन दहावेच वाढवलेस ना?” बाबांना राहवलं नाही. मूळ स्वभाव जाईना.

“मग काय करू?”

सांडलेल्या साखरेत त्यांनी बोटाने नऊ छेद दहा लिहिलं. “एकदा आटली की एवढी उरते. दोनदा आटली की याचा वर्ग. तुला उलटं जायचंय, भाजलेल्याकडून ओल्या मातीकडे. म्हणून घात वजा दोन.”

“वजा? मग झाकण शून्याहून लहान व्हायचं!”

“अगं, मास्तरची मुलगी ना तू? वजा घाताने उत्तर वजा होत नाही. अपूर्णांक फक्त डोक्यावर उभा राहतो. दहा छेद नऊ. आता वर्ग कर.”

“शंभर छेद एक्क्याऐंशी.”

“त्याने एक्क्याऐंशीला गुणून बघ.”

“शंभर!” तिला हसूच आलं. “पूर्ण शंभर, बाबा.”

“चल, मोजपट्टी मी धरतो. तुझा काही भरवसा नाही,” म्हणत ते उठले आणि भट्टीच्या खोलीत शिरले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर ते तिथूनच मागे फिरले असते.

भट्टी निवल्यावर झाकण बरणीवर बरोबर बसलं. बाबांनी ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

“तुझी आई दर बरणीला विचारायची, झाकण केवढं करू? आणि मी दर वेळी हेच गणित सांगायचो. तिच्या काही डोक्यात राहायचं नाही.”

मुलगी घुटमळली. मग खरं ते सांगून टाकलं. “बाबा, आई बरणी आणि झाकण एकाच बैठकीत करायची. ओल्या मातीतच एकमेकांना बसवून बघायची. दोन्ही सारखीच आटतात. तिला गणित लागायचंच नाही.”

“मग विचारायची कशाला?”

“तुम्ही सांगायला लागलात की ऐकायला आवडायचं तिला.”

बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग झाकण बाजूला ठेवलं, चहात दोन चमचे साखर घातली आणि सावकाश ढवळत राहिले.