सरदाराची बहीण

परिचारिकेने थोरलीच्या हातात दुसरी सुई खुपसली, तेव्हा तोंड फिरवलं ते धाकटीने. थोरली सुईकडे बघतच राहिली. नळी लाल झाली, यंत्राचं चाक फिरू लागलं आणि तिच्या अंगातलं रक्त बाहेर पडून, धुऊन निघून, दुसऱ्या नळीने परत तिच्यात शिरू लागलं.

"त्या कादंबरीतल्या रक्तपिपासूंचं बरं आहे," थोरली म्हणाली. "ते निदान दुसऱ्याचं पितात. इथे माझंच मला धुऊन देतात, लॉन्ड्रीतल्या चादरीसारखं."

परिचारिका हसली. धाकटीने पिशवीतून जाडजूड कादंबरी काढली.

थोरलीने कोर्टात जन्मभर निकालपत्रं टाइप केली होती, आणि घरी आल्यावर रक्तपिपासूंच्या कादंबऱ्यांवर ती तुटून पडायची. आता दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, साखरेने डोळेही अधू केले होते. म्हणून तरुणपणी वाचलेली ही कादंबरी ती धाकटीकडून पुन्हा वाचून घेत होती. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या धाकटीला असल्या गोष्टींचा तिटकारा होता. तरी ताईपुढे तिचं काही चालत नसे.

आज मात्र तिने पुस्तक उघडलं आणि तसंच मांडीवर ठेवलं.

"तपासण्यांचं काही कळलं का गं?"

"कळलं की. सकाळी डॉक्टर येऊन गेले." थोरलीने छताकडे पाहिलं. "तुझं मूत्रपिंड नाही चालणार म्हणे. जुळत नाही."

"अजिबात?"

"अजिबात. आता त्याचं सुतक धरू नकोस, चिमे. तू द्यायला निघालीस, मला तेच पुष्कळ."

'माझं घे, ताई,' असं धाकटी म्हणून बसली, त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. नवरा नाही म्हणाला नव्हता. नुसता झोपलेल्या पोरांकडे बघत बसला होता, आणि तेच जास्त झालं होतं.

"वाईट झालं," ती म्हणाली. खरंच वाईट वाटलं तिला. डोळे भरून आले. पण खांद्यांवरचं ओझंही उतरलं, आणि पोटात एकदम भूक खवळली.

"डबा आणलायस ना? खाऊन घे आधी."

धाकटीने डबा उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत पुसून खाल्ला. थोरली डोळे बारीक करून, दिसेल तेवढं तिचं जेवण बघत होती. एकदा हात पुढे करून तिने धाकटीच्या गुडघ्यावर पडलेलं शितही उचललं.

मग वाचन सुरू झालं. गोष्टीतल्या सरदाराला एका रात्री चावा बसला होता आणि तो रक्तपिपासू झाला होता. गावातल्या माणसांना शिवणार नाही, अशी शपथ घेऊन त्याने स्वतःला गढीत कोंडून घेतलं होतं. उपासाने त्याची नुसती हाडं उरली होती. नवीन प्रकरणाची पहिलीच ओळ अशी होती, की त्याची बहीण कंदील घेऊन गढीच्या पायऱ्या चढू लागली.

"हे राहू दे," थोरली म्हणाली. "कंटाळवाणं आहे. पुढचं घे."

"अगं, मधलंच कसं सोडायचं? कोण कुठे गेलं ते कळायला नको?"

"काही अडत नाही. पुढचं घे म्हणते ना."

पण भरल्या पोटाने धाकटीला हुरूप आला होता. ती वाचत गेली. बहिणीने बाही सारून मनगट पुढे केलं. म्हणाली, माझं घे. सरदाराने ओठ टेकवले आणि लगेच थुंकला. "आंबट आहे," तो म्हणाला. "तुझं रक्त मला चालणार नाही. पुन्हा येऊ नकोस." बहीण रडत निघाली. पण पायऱ्या उतरताना तिची पावलं हलकी होती. दार लागल्यावर सरदार गुडघ्यांवर बसला, आणि फरशीवर सांडलेला थेंब त्याने जिभेने...

धाकटी थांबली.

यंत्राचं चाक फिरत होतं. पलीकडच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ घोरत होते. थोरलीने डोळे मिटून घेतले होते, पण तिच्या पापण्या हलत होत्या.

"ताई."

"मला वाटलं, हा भाग आणखी पुढे आहे," थोरली मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "वय झालं. लक्षात राहत नाही."

दार ढकलून डॉक्टर आत आले. दुपारची फेरी होती. पहिल्या खाटेपाशी उभे राहून त्यांनी कागद चाळले, कुणाच्या तरी पायाची सूज दाबून पाहिली. धाकटीला ओळखून त्यांनी मान हलवली आणि काही बोलायचं असावं तसे ते क्षणभर थांबले. चार पावलांचं अंतर होतं. उठून एवढंच विचारायचं होतं, की माझ्या तपासण्यांचं काय झालं.

धाकटीने डब्याचं झाकण घट्ट लावलं. ते आधीच लागलेलं होतं. मग तिने मान खाली घातली आणि त्या प्रकरणाची उरलेली पानं एकदम उलटली.

"पुढचं प्रकरण घेऊ?" तिने विचारलं.

"घे," थोरली म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. धाकटी वाचू लागली. आवाज कापेल अशी तिला भीती होती, पण तो कापला नाही.