गाळात आलेलं

चनूर आमच्याच गावची, इराकच्या कुर्दी डोंगरातली. सुलेमानियाला जाऊन माती-पाण्याचा अभ्यास करून आली आणि जळून बोडक्या झालेल्या आमच्या उतारावर तिनं दगडांचे अर्धचंद्र आखले. वरून वाहून येणारी माती त्यात अडणार, ओल धरणार, आणि आम्ही बायका तिथं ओकचं बी लावणार. टेकडीच्या माथ्यावर युद्धातले सुरुंग अजून होते. पण लाल रंगवलेल्या दगडांच्या रांगेखालचा उतार सुरुंग काढणाऱ्या पथकानं तपासून मोकळा केला होता.

नोव्हेंबरात तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी चनूर आणि आम्ही नऊ जणी वर गेलो. अर्धचंद्र गाळानं काठोकाठ भरले होते.

"बघा, पोरीचे खड्डे पोटभर जेवलेत!" मनीज मावशी म्हणाली.

आम्ही एकेक अर्धचंद्र वाटून घेतला. मी ओणवी होऊन खुरपं घालणार, तोच वरून चनूरचा आवाज आला.

"कुणीही हलू नका."

ती ओरडली नाही. म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

"काय झालं गं?" मावशीनं विचारलं.

"माझ्यासमोर सुरुंग आहे. पाय उचलू नका. खुरपं खाली टाकू नका, हातातच धरा."

"अगं, पण हे सगळं साफ केलंय ना?"

"केलं होतं. पावसानं वरचं खाली आणलं. आणि ते अडवायला मीच खड्डे करून ठेवले."

तिनं पथकाला फोन लावला. रस्ता वाहून गेला होता, त्यांना यायला अडीच तास लागले. तेवढा वेळ मी तशीच ओणवी. पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि समोरच्या चिखलातला प्रत्येक खडा मला सुरुंगासारखा गोल दिसत होता. चनूर दर थोड्या वेळानं एकेकीचं नाव घ्यायची, आम्ही ओ द्यायचो.

"गलावेझ?"

उत्तर नाही.

"गलावेझ!"

"आहे," कडेच्या अर्धचंद्रातून हुंदका आला. "ताई, मला चक्कर येतेय."

"डोळे मिटू नकोस. माझ्याकडे बघ. मुलांची नावं सांग मला, मोठ्यापासून."

गलावेझनं चारही नावं सांगितली. मग पुन्हा सांगितली. पथक येईपर्यंत ती तीच नावं घेत राहिली.

त्यांनी पट्ट्या लावून वाट केली आणि एकेकीला बाहेर काढलं. माझ्या पुढ्यातही एक निघाला, खुरप्यापासून वीतभर अंतरावर. एकूण चार. चनूर सगळ्यांत शेवटी आली. तिची सलवार ओली झाली होती. मनीज मावशीनं आपली शाल तिच्या कमरेला गुंडाळली.

"चूक माझी आहे, मावशी."

"हो, तुझीच. आता काय करणार, ते सांग."

चनूर तिथंच बसली, आणि तिनं चिखलात रेघ ओढली. लाल दगडांच्या लगतच खाली खोल चर आणि भक्कम बांध. वरून येईल ते तिथंच अडेल. प्रत्येक पावसानंतर आधी पथक चर आणि उतार दोन्ही तपासेल, मगच माणूस वर चढेल.

वर्षभरानं आम्ही पाच जणी परत गेलो. त्या वर्षीच्या पावसात चरात दोन सुरुंग सापडले, खाली एकही नाही. तरी माती उकरताना माझा हात लाकडासारखा होतो.

गलावेझ आली नाही. तिच्या वाटचा अर्धचंद्र बियांवाचून रिकामाच आहे, आणि त्याबद्दल तिला कुणी विचारत नाही.