इंचाला सदतीस ठिपके

मी एक जुना, आणि मार खाऊन त्याहून जुना दिसणारा प्रिंटर आहे. भिवंडीत नारपोलीला, हरेशच्या लूमच्या कारखान्यामागे त्याचे घर आहे, तिथे राहतो. मित्रांनो, माझ्या अंगावरचे डाग शाईचे नाहीत. निदान सगळे तरी नाहीत.

जन्मल्यावर मला थर्माकोलमध्ये निजवून खोक्यात घातले. तो माझ्या आयुष्यातला शेवटचा मऊ स्पर्श. पहिल्या महिन्यात मी हरेशच्या मुलीला, नेत्राला, शाळेसाठी हत्ती छापून दिला. घरभर टाळ्या. दुसऱ्या महिन्यात कागद अडकला आणि हरेशने तो माझ्या आतड्यांसकट बाहेर ओढला. पुढे रंग फिका आला की थप्पड, आवाज केला की लाथ, शाई संपली की पोटात सुई. त्या घरात दुरुस्तीची हीच पद्धत. लूम, टीव्ही, धाकटा भाऊ प्रितम, सर्वांना एकच औषध.

गेल्या वर्षी प्रितम दापोड्याच्या रस्त्यावर कंटेनरखाली गेला. त्याच्या वाटणीचा मारही मग मलाच मिळू लागला.

यंदा वर्षश्राद्ध आले तेव्हा त्यांची आई राहीबाई म्हणाली, "हरेश, माज्या पोराचा फोटू काडून दे. त्याचा तोंड आता मना नीट आठवं न्हाय."

प्रितमचा मोबाइल त्याच्याबरोबरच चिरडला होता. उरला होता लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, दहा मोबाइलवरून फिरून आलेला त्याचा चेहरा. रुंदी जेमतेम तीनशे ठिपके, म्हणजे पिक्सेल. हरेशने फ्रेम आधीच आणली होती, आठ इंची.

मला नकार देता येत नाही. मी तीनशे ठिपके आठ इंचांवर पसरले. नाक, गाल, कान सगळे एकमेकांत कालवले गेले.

"ह्यो कोन?" राहीबाईने विचारले.

"प्रितम हाय, आये."

"न्हाय. ह्यो माजा पोर न्हाय."

"साला, नाटक करतो!" हे मला. पाठोपाठ थप्पड. मग हरेशने मोबाइलवर फोटो ताणून दुप्पट केला. मित्रांनो, ताणल्याने नवा तपशील जन्माला येत नाही; आहे तोच फुगतो. पुन्हा तोच कालवलेला चेहरा आला. लाथ. तिसऱ्या वेळी त्याने पाना उचलला आणि माझे झाकण फोडले.

तो आवाज ऐकून लडकू मेस्त्री लूम सोडून आत आला. त्याचा एक डोळा पूर्वी लूममधून उडालेल्या धोट्याने नेला. उरलेल्या डोळ्याला तो भिंग लावतो आणि कापडात इंचाला किती धागे बसले ते मोजतो. तेच भिंग त्याने प्रितमच्या गालावर ठेवले.

"पस्तीस... सदतीस. अरं, ह्यो कापड हाय का मच्छरदानी?"

"मग काय करू, काका?"

"धागं हायेत तेवढंच र्‍हातील. फोटूचा पन्हा, रुंदी कमी कर. आठ इंचाचा एक इंच कर. आनि त्याला मारतोस कशाला? लूमला मारून कदी कापड घट झाला का?"

हरेशने एका हातात पाना तसाच धरून दुसऱ्या हाताने 'एक इंच' लिहिले. तीनशे ठिपके एका इंचात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. लडकूने राहीबाईला भिंग दिले. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"ही भुवई," ती म्हणाली. "मधी तुटलेली. सात वर्सांचा व्हता. हरेशनं पाना फेकून मारलेला." मग म्हणाली, "ह्योच माजा प्रितम."

हरेशने हातातला पाना माझ्यावर ठेवला. पहिल्यांदाच, हळू.

आता त्या आठ इंची फ्रेममध्ये भरपूर पांढरा कागद आहे आणि मधोमध इंचभर प्रितम. खाली दोऱ्याला भिंग बांधले आहे. माझे झाकण चिकटपट्टीवर आहे.

मित्रांनो, फोटो छापण्याआधी त्याचे ठिपके पाहा, तीनशेने भागा आणि येतील तेवढेच इंच मागा. जमले नाही तर पुन्हा मोजा. हात उचलू नका. मारणारा आपण मारलेले विसरतो, असे म्हणतात. इंचाला सदतीस ठिपके असतील तर विसरतोही. तीनशे असले की तुटलेली भुवई दिसते.