दगडाला साबण

"तीनदा मक्याचा पाव केला. माझा मी," ड्वाइट म्हणाला. "आणि तुझा दगड साबणाने लख्ख घासून ठेवलाय. उगाच कटकट नको."

माझी बॅग अजून दारातच होती. बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी तीन आठवडे कोलंबसला राहून आले होते. दगड म्हणजे माझं पाव भाजायचं मातीचं भांडं, झिलई नसलेलं. छत्तीस वर्षं लोणी पिऊन ते काळंभोर झालं होतं. साबण लावला की तो आत मुरतो आणि पुढच्या पावात उतरतो. गरम पाणी, लाकडी उलथनं आणि पालथं घालून वाळवणं, एवढंच त्याला चालतं. हे मी ड्वाइटला लग्नापासून सांगतेय, पण तो ऐकेल तर शपथ.

किती वाटोळं झालंय ते बघावं म्हणून, तो बाहेर गेल्यावर मी पाव भाजला. एक तुकडा तोंडात टाकला. साबणाचा मागमूस नव्हता.

मग आठवलं, दगड काढला तेव्हा कडेचं करपलेलं खरवडलेलं होतं, वरून तेलाचा हात फिरवलेला होता आणि खाली दुमडलेलं फडकं होतं. थेट माझीच पद्धत. ती मी आयुष्यात एकाच बाईला शिकवली होती, समोरच्या लोरीनला. तिचा नवरा गेला त्या हिवाळ्यात मी रोज तिच्या ओट्याशी उभी असायचे.

शेजारधर्म म्हणून जेवू घातलं असतं, तर लपवायचं काय होतं? फोनवर मात्र मला म्हणाली होती, "तुझा नवरा दिसलासुद्धा नाही गं."

ड्वाइटचा मला संताप आला, पण जिव्हारी लागलं ते लोरीनचं. माझ्या घरात, माझ्याच शिकवणीने. बाई, निदान भांडं तरी वाईट घासायचंस.

रविवारी चर्चनंतर मी तिला जेवायला बोलावलं. सकाळीच दगडावर अर्धी बाटली साबण ओतला आणि तारेच्या घासणीने घासत सुटले. छत्तीस वर्षांचा काळा रंग मोरीत गेला. मला रडू आवरेना. मग त्यातच पाव भाजला.

ड्वाइटने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "साबणासारखं लागतंय हे."

"तूच लावलास ना," मी म्हटलं.

लोरीनचं चावणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिने त्या दगडाला साबण लावला नव्हता, आणि ते मला कळलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. ड्वाइट पाणी प्यायला उठला.

तिने घास गिळला. मी दुसरा तुकडा घेतला, त्याला लोणी लावलं आणि तिच्या ताटात ठेवला. तिने तोही खाल्ला.