चारही चाकांत तेहतीस

त्या दुपारी काटेमास्तरांच्या पदरात पडणार होता तो एक तास, अधिक काही नाही. चारला लेकीची गाडी चालवण्याची परीक्षा होती, आणि अडीच वाजता त्यांच्या टायरच्या दुकानात एक पांढरी गाडी चारही चाकं काढून बसली होती, मालकासकट.

बोटाने टायर दाबून "आहे की हवा" म्हणणाऱ्याला मास्तर दारातूनच परतवत. हवा म्हणजे मोजायच्या काट्यावर दिसेल ती, म्हणून ते काटेमास्तर.

चाकांच्या आत हवा मोजून समोरच्या पडद्यावर आकडा दाखवणारे सेन्सर असतात. हवा उतरली की ते चालवणाऱ्यासमोर पिवळा दिवा लावतात. या गाडीत सेन्सरच्याच व्हॉल्व्हच्या दांड्या गंजल्या होत्या आणि तिथूनच हवा सुटत होती.

"नवे मागवावे लागतील. शुक्रवारी या."

"शुक्रवारी? अहो, संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय! तुम्ही दिवा तेवढा विझवा."

"हवा राखल्याशिवाय तो विझत नाही, साहेब."

"मग राखा की! कुठंही राखा!"

मालकाने थट्टा केली. मास्तरांनी घड्याळाकडे पाहून ती मनावर घेतली. पाण्याच्या पाइपाच्या हातभर तुकड्यात त्यांनी चारही सेन्सर घातले, दोन्ही तोंडांना बुचं चिकटवली, एका बुचात व्हॉल्व्ह बसवला आणि आत चाकात लागते तेवढी, तेहतीस पौंड हवा भरली. वर निळी चिकटपट्टी गुंडाळली. तिच्यावर सवयीने '३३' लिहिलं, शेपट्या लांब ओढून. पाइप डिकीत, स्टेपनीखाली. चाकांना साधे रबरी व्हॉल्व्ह. सेन्सर घरातून निघून मागच्या खोलीत जाऊन बसलेत, हे गाडीला कोण सांगणार? दिवा विझला. चारला पाच कमी असताना मास्तर मैदानाच्या कुंपणाशी उभे होते. लेक पास झाली.

आठ महिन्यांनी तीच लेक नोकरीच्या गावाहून आली.

"बाबा, डोळे मिटा. चोरून बघायचं नाही. हं, आता उघडा!"

पांढरी गाडी. अशा महिन्याला वीस येतात; मास्तरांना ओळख पटली नाही. ते नुसते हसत राहिले.

"जुनी आहे, पण माझ्या पगाराची आहे. तीन तास महामार्गावरून आले. मधेच जळका वास यायला लागला, मागून ओढल्यासारखंही वाटत होतं. पण म्हटलं, समोरच्या ट्रकचा असेल वास. कारण हे बघा, पडद्यावर, चारही चाकांत तेहतीस!"

मास्तरांचं हसू जागच्या जागी थांबलं. तीन तास पळालेल्या चाकांत हवा तापून चढते, आणि चारही चाकांत सारखी तर कधीच नसते.

उजव्या मागच्या चाकाला हात लावला, चटका बसला. काटा लावला. अकरा. रबरात खिळा होता.

त्यांनी डिकी उघडली.

"बाबा, स्टेपनी कशाला काढताय? बाबा?"

निळी चिकटपट्टी. लांब शेपट्यांचे तीन.

लेकीने पाइप उचलला, उलटसुलट केला.

"हे काय आहे?"

"सेन्सर. चारही."

"म्हणजे मी तीन तास... या पाइपातली हवा बघत होते?" "कुणी केलं हे? तोंड बघायचंय मला त्याचं."

मास्तर गप्प राहिले असते तर कुणाला कळलं असतं? आकडे काय, कुणीही लिहितं.

"बघ," ते म्हणाले. "मीच."

तिने पाइप कडेला टाकला.

"तुझ्या परीक्षेला उशीर होत होता गं..."

"माझ्यावर नका घालू, बाबा."

मास्तरांनी चाकं उतरवली. उजवा मागचा टायर उलटा करताच आतून घासलेल्या रबराचा ओंजळभर काळा भुगा जमिनीवर पडला. आणखी पाऊण तास चालवली असती, तर टायर फुटला असता. नवा टायर, नवे सेन्सर. मास्तरांनी यंत्र लावून गाडीशी त्यांची ओळख करून दिली. पाइप कडेला पडला होता. त्यातली हवा अजून तेहतीसच होती. काम चोख होतं.

मालकाला गिऱ्हाईक मिळालं. मास्तरांना तास मिळाला.

"झालं," ते म्हणाले. "भरली."

लेकीने हात पुढे केला. "काटा द्या."

सायकलपासून आजपर्यंत बाबांनी भरलेली हवा तिने कधी मोजली नव्हती. ती एकेका चाकाशी उकिडवी बसली. चारही चाकांत तेहतीस निघाली. मग ती उठली, पहिल्या चाकापाशी गेली आणि पुन्हा मोजायला बसली.