निरोपमास्तर

पंख्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे निरोपमास्तर म्हणत. नट-बोल्ट, तारेची बंडलं देण्याघेण्याचा त्यांना पगार मिळे, पण नाव झालं ते निरोपाच्या भाषणांमुळे. थोरल्या मालकांनी कारखाना काढला तेव्हाच एक पायंडा पाडला होता. जाणाऱ्या माणसाला सभागृहात खुर्चीवर बसवायचं, त्याच्याविषयी चार शब्द चांगले बोलायचे, आणि ते बोलणं पुरं झाल्याशिवाय त्याचं नाव हजेरीतून काढायचं नाही. बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचंही नाही. माणूस जन्मभर बोलणी खातो, जाताना तरी त्याचं कौतुक कोणी तोडू नये, असं थोरले म्हणत.

मास्तर बोलायला उभे राहिले की दगडालाही पाझर फुटे. ज्या फोरमनच्या नावानं सगळ्यांनी वर्षानुवर्षं बोटं मोडली, त्याच्या निरोपाला तीच माणसं नाक पुसत बसली होती.

थोरले गेले आणि धाकट्या मालकांचं राज्य आलं. त्यांनी बाहेरून एक सल्लागार आणला. सल्लागार आठवडाभर कारखान्यातून फिरला आणि म्हणाला, इथे माणसं फार झाली आहेत. हे सांगायला तो स्वतःबरोबर आणखी चार माणसं घेऊन आला होता.

काढायला सुरुवात झाली ती रंगखात्यापासून. काढलं असं मात्र कोणी म्हणायचं नाही, कंपनी हलकी करतोय असं म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, कंपनीचं पोट बिघडलंय. धाकट्या मालकांना आरडाओरडा नको होता. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं की आता एकेकट्याला नाही, खात्याखात्याला निरोप द्यायचा, आणि असा द्यायचा की माणसं मूठ आवळून नव्हे, डोळे पुसत बाहेर पडली पाहिजेत.

मास्तरांच्या लक्षात आलं की जोवर जाणारे आहेत तोवर आपल्याला धक्का नाही. या वयात दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. घरी त्यांनी ही गोष्ट जरा समाधानानं सांगितली. बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याची चूल विझली की आपली पेटते, असंच ना?" मास्तरांनी ताट पुढे ओढलं.

पण त्यांनी काम चोख केलं. रंगखातं रडत गेलं, पॅकिंग रडत गेलं. पॅकिंगमधल्या एका बाईनं तर काढल्याबद्दल मालकांचे आभार मानले आणि घरी पोहोचल्यावर ती डोकं धरून बसली.

मग पात्यांचा तोल बघणाऱ्या खात्याची पाळी आली. त्यात मास्तरांचा सख्खा मेव्हणा होता. त्याच्याविषयी बोलताना मास्तरांची जीभ पहिल्यांदाच अडखळली. भाषण संपल्यावर मेव्हणा त्यांना दाराशी गाठून हळूच म्हणाला, "दाजी, बोललात झकास. पण ऐकायला आता कोण उरलंय ते एकदा बघून घ्या."

मास्तरांनी वळून पाहिलं. खुर्च्याच खुर्च्या होत्या.

तोल बघणारं कोणी नाही म्हटल्यावर बाजारात गेलेले पंखे नंदीबैलासारखे माना डोलवायला लागले. लोक अंथरूण ओढून भिंतीकडेला झोपू लागले आणि कारखान्यात तक्रारींचा पाऊस पडला. सल्लागारानं विचार करून तक्रारी ऐकणाऱ्या बाईलाच कमी केलं. दुसऱ्या दिवसापासून एकही तक्रार आली नाही. मालकांनी त्याची पाठ थोपटली.

आणि एके सकाळी मास्तरांना निरोप आला की आज तुमचा नंबर. भाषण कोण करणार, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मालक म्हणाले की बोलणारा दुसरा कुठून आणू, तुमचं तुम्हीच उरका.

सभागृहात मालक, सल्लागार, हजेरीचा कारकून आणि दारावरचा वॉचमन, एवढीच मंडळी होती. मास्तर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "माझ्याविषयी सांगायचं तर आधी ज्यांनी मला सांभाळलं त्यांच्याविषयी सांगायला हवं." आणि ते मालकांकडे वळले.

त्यांनी मालकांच्या बारशापासून धरलं. पाळण्यात असतानाच मालक छताकडे टक लावून बघत, तेव्हाच जाणत्यांनी ओळखलं होतं की हे मूल पंख्यांत नाव काढणार. सल्लागारानं घड्याळाकडे बघून खुर्ची सरकवली, तर मालकांनी त्याला हातानंच दाबून बसवलं. स्वतःची आरती चालू असताना घंटा कोण काढून घेणार? संध्याकाळचा भोंगा झाला तेव्हा मालक जेमतेम शाळेत जायला लागले होते. मास्तर घोटभर पाणी प्याले.

"एवढं कर्तृत्व एका दिवसात कसं मावेल?" ते म्हणाले. "उरलेलं उद्या."

कारकुनानं विचारलं, नाव काढू का? मालक म्हणाले, वडिलांचा नियम आपण कसा मोडायचा?

मास्तर रोज वेळेवर येत, हजेरी लावत आणि पुढे सुरू करत. मालक इस्त्रीचे कपडे घालून येऊ लागले. एकदा त्यांनी सासूबाईंनाही ऐकायला आणलं. एकच गोष्ट त्यांना खुपे. कॉलेजातल्या प्रसंगाला सभागृहात टाळ्या पडल्या त्या अगदीच केविलवाण्या. सासूबाईंसमोर ते बरं दिसलं नाही. सल्लागारानं या प्रश्नाचा अभ्यास केला आणि सांगितलं की इथे माणसं फार कमी पडताहेत.

मग काढलेल्यांना घरी जाऊन परत बोलावलं. रंगखातं आलं, पॅकिंग आलं, तोलवाले आले. रोजंदारीवर का होईना, आले. कामाला हात लावायचा नव्हता, सल्लागाराच्या हिशेबानं कामासाठी माणसं अजून जास्तच होती. नुसतं बसायचं आणि खुणेला टाळ्या वाजवायच्या.

मेव्हणा पहिल्या रांगेत बसला. भाषण सुरू होण्याआधी तो पुढे वाकला.

"दाजी, कुठवर आलंय?"

"लग्न ठरतंय मालकांचं."

"घाई करू नका," मेव्हणा म्हणाला. "नीट खुलवून सांगा. आणि पोरं झाली की एकेक पोर वेगळं घ्या."